स्वतःला सेवेस वाहिलेले घराणे

मंडळीतील स्वयंसेवक व गरिबांसाठी वर्गणी यांविषयी अभ्यासपाठ

शास्त्रपाठ : १ करिंथ १६:१-४ व १५-१८, २ करिंथ ८ व ९ हे अध्याय, रोम १५:२५-३१
पाठांतरासाठी वचन : २ करिंथ ८:२१
पाठाचा हेतू : गरजवंतांसाठी पदरमोड व पायपीट करणारा मनुष्य ही देवाने मंडळीला दिलेली देणगी आहे हे ओळखणे, आणि त्याच्या कामात आपला वाटा उचलणे.

प्रस्तावना

आपल्या प्रत्येक मंडळीत असा एखादा भाऊ किंवा भगिनी असते. कोणाच्या घरी आजारपण आले की दवाखान्यात डबा तिच्या हातून जातो. कापणीच्या सणाला आलेल्या भाज्या, कोंबड्या व नारळ यांचा लिलाव पुकारण्यास तोच उभा राहतो. एखाद्या विधवेच्या मुलाची फी भरावयाची असली, की पावतीपुस्तक घेऊन दारोदार जाणारा तोच. त्याला कमिटीने नेमलेले नसते व त्याचे नाव वार्षिक अहवालात असेलच असे नाही. तो दारात दिसला की कित्येकांच्या मनात पहिला विचार येतो तो हा : "आले, पुन्हा काहीतरी मागावयास आले!"

पवित्र शास्त्रात अशा मनुष्यांविषयी काही सांगितले आहे काय? होय, सांगितले आहे. ते पत्रांच्या शेवटी, सलाम व निरोप यांच्या गर्दीत सांगितले असल्यामुळे आपण ते वाचून पुढे जातो. आज आपण तेथेच थांबू.

१. वर्गणी कोणासाठी होती?

करिंथकरांस पहिले पत्र पौलाने इ. स. ५५ च्या सुमारास इफिस येथून लिहिले. पंधराव्या अध्यायात तो पुनरुत्थानाच्या शिखरावर चढतो, आणि सोळाव्याच्या पहिल्याच ओळीत वर्गणीची गोष्ट काढतो. पुष्कळांस हे विजोड वाटते. पौलाला ते तसे वाटले नाही. ज्याचा प्रभू मेलेल्यांतून उठला आहे, त्याने भुकेल्या भावाला विसरू नये, इतका सरळ त्याचा विचार आहे.

ही वर्गणी यरुशलेमेतील गरीब ख्रिस्ती लोकांसाठी होती. क्लौद्य कैसराच्या कारकिर्दीत दुष्काळ पडला, तेव्हा अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा व शौल यांच्या हाती मदत पाठविली होती (प्रे. कृत्ये ११:२७-३०). पुढे याकोब, पेत्र व योहान यांनी पौलाचा हात हाती घेतला, तेव्हा गरिबांची आठवण ठेवावी एवढेच त्यांनी मागितले (गलती २:९-१०). पौलाने ते मान्य केले व गलतीया, मासेदोनिया आणि अखया येथील मंडळ्यांत तो हे काम करीत राहिला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. करिंथ ते यरुशलेम हे सरळ अंतरच सुमारे तेराशे किलोमीटर. करिंथकर हेल्लेणी बोलणारे, तर यरुशलेमकर अरामी. देणारे बहुतेक परराष्ट्रीय, घेणारे यहूदी. एकमेकांच्या पंक्तीस बसावे की नाही यावरून दोहोंमध्ये वाद झालेले होते. तेव्हा हा पैसा आपल्या माणसांसाठी, आपल्या भिंतीसाठी किंवा आपल्या छपरासाठी नव्हता. तो न पाहिलेल्या व न कळणाऱ्या भाषेत प्रार्थना करणाऱ्या भावांसाठी होता. म्हणूनच पौल या वर्गणीला कधी 'कृपा' म्हणतो, कधी 'सेवा' म्हणतो, तर कधी 'सहभागिता' म्हणतो. मंडळी दुभंगू नये म्हणून त्याने जी धडपड केली, त्यातील ही मोठी धडपड होती.

२. स्तेफन व त्याचे घर

याच अध्यायाच्या शेवटी स्तेफनाच्या घराण्याचा उल्लेख आहे. (दगडमार होऊन मरण पावलेला हुतात्मा स्तेफन वेगळा, हे शिक्षकांनी वर्गास आधीच सांगावे.) त्याच्याविषयी आपणांस थोडेच ठाऊक आहे. अखया प्रांतात ज्यांनी प्रथम विश्वास ठेवला, त्यांत हे घर होते. पौलाने करिंथात फार थोड्यांचा बाप्तिस्मा स्वतःच्या हाताने केला. त्यांत हे घराणे होते (१ करिंथ १:१६). फर्तूनात व अखायिक यांच्याबरोबर समुद्र ओलांडून स्तेफन पौलाला भेटावयास इफिसास गेला.

पौल त्याची जी ओळख देतो ती अशी : या घराण्याने पवित्र जनांच्या सेवेस स्वतःला वाहून घेतले होते. मूळ हेल्लेणी भाषेतील क्रियापद लष्करात वापरीत असत. शिपायाला जागा नेमून देणे, पहाऱ्यावर उभे करणे, असा त्याचा अर्थ. पण येथे जागा नेमून देणारा कोणी सुभेदार नाही. या घराने स्वतःच स्वतःला त्या जागेवर उभे केले! ठराव झाला नाही, मतदान झाले नाही, पगार ठरला नाही. गरज दिसली आणि हे लोक तेथे जाऊन उभे राहिले.

स्तेफनाच्या घरानेच यरुशलेमेची वर्गणी गोळा केली असे पौल म्हणत नाही, व आपणही तसे शिकवू नये. परंतु ज्या अध्यायाचा आरंभ वर्गणीने होतो, त्याच्या शेवटी सेवेला वाहिलेले घर भेटते. वर्गणी कागदावर ठरते, पण ती पुरी होते ती अशा घरांमुळे.

आणखी एक गोष्ट. येथे एका मनुष्याची स्तुती नसून घराण्याची आहे. बाहेर धावणाऱ्या स्वयंसेवकाच्या पाठीमागे घरी उशिरापर्यंत जेवण झाकून ठेवणारी पत्नी असते, निरोप पोहोचविणारी मुले असतात. यापोत सुईदोऱ्याने विधवांची सेवा करणारी टबीथा (प्रे. कृत्ये ९:३६-४२) आपल्याला ठाऊक आहेच. सेवेच्या कामाला पुष्कळ हात लागतात, आणि त्यांतील बहुतेक हात कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत.

३. थोडे थोडे, नेमाने

पौलाने सांगितलेली रीत चार वचनांत आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रत्येकाने, आपल्या मिळकतीच्या मानाने, आपल्याजवळ काही बाजूला काढून ठेवावे. मी आल्यावर धावपळ नको, असेही तो सांगतो.

रविवार त्या काळी सुटीचा दिवस नव्हता. ती सुटी सम्राट कॉन्स्टंटाइन याने इ. स. ३२१ मध्ये दिली. करिंथच्या मंडळीत मोठ्या कुळांतील, अधिकाराची माणसे फार थोडी होती (१ करिंथ १:२६). बंदरांच्या त्या शहरात राबणारे दास व मजूर मंडळीत होते. त्यांच्याजवळ एकदम मोठी रक्कम कोठून असणार? पण दर आठवड्यास एखादे नाणे बाजूला पडले, तर वर्षाअखेर गरिबाचीही भर मोठी होते. त्याहून मोठा लाभ असा, की गरिबालाही देण्याचा मान मिळतो. 'प्रत्येकाने' या शब्दात श्रीमंताचे कर्तव्य आहे व गरिबाची प्रतिष्ठाही आहे.

याचे सुंदर उदाहरण आपल्याच देशात आहे. मिझोरामच्या मंडळ्यांत विसाव्या शतकाच्या आरंभापासून एक रीत चालत आली आहे. घरची बाई स्वयंपाकाला तांदूळ घेते, तेव्हा त्यांतून एक मूठ देवाच्या कार्यासाठी वेगळी काढते. मंडळीतील भगिनी घरोघर जाऊन ते तांदूळ गोळा करतात, ते विकले जातात, व त्या पैशावर सुवार्तेचे व सेवेचे काम चालते. मिझो भाषेत या रीतीस 'बुहफाई थाम' म्हणतात. डोंगरातील गरीब मंडळ्यांनी परदेशी पैशाची वाट न पाहता आपले सेवक पोसले ते अशा मुठीमुठीने. आपल्या मराठी मुलखातही साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहातील गरीब मुलांसाठी मूठभर धान्याची योजना चालविली, आणि मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ते आपल्या मंडळीचे नव्हते, म्हणून त्यांच्यापासून शिकण्यास संकोच कशाला?

४. आरंभ सोपा, शेवट कठीण

करिंथकरांनी उत्साहाने हात वर केले, पण वर्ष उलटले तरी काम पुरे झाले नाही. दुसऱ्या पत्राचे आठवे व नववे अध्याय याच अडलेल्या वर्गणीविषयी आहेत. पौल त्यांना धमकावीत नाही. तो मासेदोनियातील मंडळ्यांचे उदाहरण देतो. त्या स्वतः संकटात व अत्यंत दारिद्र्यात होत्या, तरी आम्हांलाही यात भाग घेऊ द्या अशी त्यांनी विनवणी केली, आणि पैशाआधी स्वतःला प्रभूला दिले. मग तो ख्रिस्ताकडे बोट दाखवितो, जो धनवान असता आपल्यासाठी दरिद्री झाला. शेवटी तो सांगतो की कुरकुरत किंवा भिडेखातर देऊ नये, कारण आनंदाने देणारा देवाला आवडतो.

आपल्या स्वयंसेवकाची खरी परीक्षा याच ठिकाणी असते. सभेत नावे पुकारली जातात, टाळ्या पडतात, कागदावर आकडे येतात. पुढे तो कागद घेऊन एकेका घरी तीनतीनदा जाणे, "साहेब घरी नाहीत" हे ऐकून परतणे, आणि तरी पुढच्या आठवड्यात हसतमुखाने "नमस्कार" म्हणणे, हे काम कोणाला दिसत नाही. करिंथास हे काम तीताने केले. तो पौलाच्या सांगण्यावरून गेला खरा, पण पौल आवर्जून लिहितो की तो आपल्या खुशीनेही निघाला होता (२ करिंथ ८:१७). दुसऱ्याने सांगण्यापूर्वी ज्याचे पाऊल उचलले जाते, तो स्वयंसेवक.

५. संशय व हिशेब

आता एका नाजूक विषयाकडे वळू. पौलावर पैशाविषयी संशय घेण्यात आला होता. त्याने स्वतः करिंथकरांवर कधी भार घातला नव्हता. तरी, हा धूर्त आहे, स्वतः घेत नाही पण दुसऱ्यांच्या हस्ते लुबाडतो, अशी कुजबूज झालेली दिसते. म्हणूनच तो विचारतो की मी पाठविलेल्यांपैकी कोणाकडून, तीताकडून तरी, तुमची लुबाडणूक झाली काय? (२ करिंथ १२:१६-१८). प्रेषितावर हा प्रसंग आला, तर आपल्या मंडळीतील साध्या मनुष्यावर येणार नाही काय?

पौलाने यावर काय केले? तो रागावून काम सोडून बसला नाही. "देव माझे अंतःकरण जाणतो" एवढ्यावरही तो थांबला नाही. त्याने व्यवस्था केली. तीताबरोबर आणखी दोन भाऊ पाठविले, व त्यांतील एकास मंडळ्यांनी निवडले होते. पहिल्याच पत्रात त्याने सांगून ठेवले होते की दान नेणारी माणसे तुम्ही पसंत करा. आणि २ करिंथ ८:२१ मध्ये त्याचे कारण दिले आहे. व्यवहार प्रभूच्या दृष्टीने चोख असावा, तसाच मनुष्यांच्या दृष्टीनेही असावा.

यावरून आम्हांस वाटते की पुढील नियम प्रत्येक मंडळीने पाळावेत :

(अ) पैसे घेताच पावती द्यावी, रक्कम दहा रुपये असली तरी.
(आ) पेटी उघडताना व पैसे मोजताना दोन माणसे असावीत, व दोघांनी वहीत सही करावी.
(इ) आता पुष्कळ जण मोबाइलवरून पैसे पाठवितात. ते मंडळीच्या खात्यात जावेत, कोणा एकाच्या खाजगी खात्यात जाऊ नयेत.
(ई) ज्या कामासाठी मागितले त्याच कामासाठी खर्च करावा, व उरल्यास देणाऱ्यांस विचारावे.
(उ) जमाखर्च मंडळीच्या फलकावर लावावा. मात्र ज्याला मदत केली त्या कुटुंबाचे नाव तेथे झळकवू नये. गरिबाची लाज झाकणे हाही हिशेबाचाच भाग आहे.

हे नियम स्वयंसेवकावर अविश्वास म्हणून नाहीत. ते त्याचे रक्षण करतात. प्रामाणिक मनुष्याला वहीची भीती वाटत नाही. वही नसली म्हणजे मात्र एका कुजबुजीने त्याची वीस वर्षांची सेवा मातीस मिळते.

या बाबतीत पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्यावे. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी येथील बालविधवांची स्थिती सांगितली. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टन येथे 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाले व दहा वर्षे मदत देण्याचे ठरले. त्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. दहा वर्षांची मुदत संपली, तेव्हा १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा सातासमुद्रापलीकडे गेल्या व झालेले काम देणाऱ्यांपुढे मांडले. मागण्यासाठी जो प्रवास केला, तोच सांगण्यासाठीही केला. आणि त्या गावोगावी थोडी थोडी वर्गणी जमविणाऱ्या अमेरिकन भगिनींची नावे आज कोणाला ठाऊक आहेत? ती विसरली गेली, पण त्यांच्या पैशाने आपल्या लेकी लिहावयास शिकल्या.

६. या कामाची किंमत

वर्गणी शेवटी पुरी झाली. रोमकरांस लिहिताना पौल सांगतो की मासेदोनिया व अखया यांनी आनंदाने दिले आहे. पण तेथेच तो प्रार्थनेची विनंती करतो, की यहूदीयातील विरोधकांपासून माझा बचाव व्हावा, व माझी ही सेवा पवित्र जनांना मान्य व्हावी. दुसऱ्या शब्दांत, देणगी नाकारली जाईल की काय ही धाकधूक त्याला होती.

निरनिराळ्या मंडळ्यांची माणसे बरोबर घेऊन तो निघाला (प्रे. कृत्ये २०:४). त्यांत त्रफिम नावाचा इफिसकर होता. यरुशलेमेत लोकांनी त्रफिमाला पौलाबरोबर शहरात पाहिले व त्याला मंदिरात नेले असा तर्क केला. त्यावरून दंगल उसळली व पौल धरला गेला (प्रे. कृत्ये २१:२७-३३). पुढे फेलिक्सापुढे तो सांगतो की मी आपल्या लोकांसाठी दानधर्म घेऊन आलो होतो (२४:१७). कैसरीयात दोन वर्षे कैद, नंतर रोमचा प्रवास. गरिबांसाठी पैसे पोहोचविण्यास गेलेल्या मनुष्याला ही किंमत पडली!

आपल्याला कैद होत नाही. चार शब्द ऐकावे लागतात, एखादी संध्याकाळ जाते. एवढ्यासाठी आपण मागे सरावे काय?

७. मंडळीचे कर्तव्य

स्तेफनाविषयी पौल मंडळीला तीन गोष्टी सांगतो.

पहिली, अशांच्या अधीन राहा. पदाधिकारी नसलेल्याच्याही अधीन! जो श्रम करतो त्याचे म्हणणे कमिटीने मानाने ऐकावे.

दुसरी, हा मान त्याच्याबरोबर काम करणाऱ्या व श्रम करणाऱ्या प्रत्येकाचा आहे. मग एकट्यावर सर्व ओझे का? दर दहा घरांमागे एक तरुण त्याच्या हाताखाली द्यावा. तो थकल्यावर काम कोण पाहील याचा विचार तो थकण्यापूर्वी व्हावा.

तिसरी, अशांना ओळखा, त्यांची कदर करा. स्तेफन भेटला तेव्हा पौलाच्या जिवाला विसावा मिळाला. जो सर्वांना विसावा देतो त्याच्या घरी जाऊन, "तुमचे कसे चालले आहे?" असे आपण कधी विचारले आहे काय?

आणि आणखी एक प्रश्न स्वतःला विचारू. मंडळीचे छप्पर, कुंपण, लाउडस्पीकर यांसाठी आपण मागतो व देतो. ते योग्यच आहे. पण करिंथकरांची वर्गणी परक्यांसाठी होती. बेळगावची मराठी मंडळी कानडी शेजाऱ्यासाठी, हैदराबादची तेलुगू शेजाऱ्यासाठी, बडोद्याची गुजराती व इंदूर-ग्वाल्हेरची हिंदी शेजाऱ्यासाठी वर्षातून एकदा तरी पेटी फिरविते काय? भाषेची भिंत ओलांडून गेलेला रुपया हीच आपल्या सुवार्तेची साक्ष होईल.

शिक्षकांसाठी सूचना

लहान मुलांच्या वर्गात एक मूठ तांदूळ व एक रिकामा डबा न्यावा. प्रत्येक मुलाला चिमूटभर तांदूळ टाकू द्यावेत व डबा कसा भरतो ते दाखवावे. मोठ्या मुलांना नकाशावर करिंथ, इफिस, फिलिप्पै व यरुशलेम ही ठिकाणे शोधावयास लावावीत. तरुणांच्या वर्गाने महिनाभर आपल्या मंडळीतील एका स्वयंसेवकाबरोबर जावे व काय पाहिले ते वर्गात सांगावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. यरुशलेमेसाठी वर्गणी करण्यात पौलाचा हेतू फक्त भूक भागविण्याचा होता काय?
२. स्तेफनाच्या घराण्याला सेवेस कोणी नेमले? आपण कोणी नेमण्याची वाट पाहतो काय?
३. 'प्रत्येकाने' द्यावे यात गरिबाचा मान कसा राखला जातो?
४. संशय आला असता पौलाने काय केले? आपल्या मंडळीच्या हिशेबात कोणती सुधारणा करता येईल?
५. गेल्या वर्षी आपल्या मंडळीने आपल्याबाहेरच्या कोणासाठी वर्गणी केली?

प्रार्थनेचा विषय

आपल्या मंडळीत न बोलता सेवा करणाऱ्यांची नावे मनात आणून देवाचे आभार मानावे. त्यांना बळ, त्यांच्या घराला समाधान, व आपणांस त्यांच्याबरोबर जाण्याची इच्छा मिळावी म्हणून विनंती करावी.